भांडारातील हवा आणि ग्रंथांचे आयुष्य

हस्तलिखित पोथी लिहून पूर्ण झाली की लेखनिक अखेरच्या पानावर आपले नाव, गाव, संवत आणि तिथी नोंदवीत असे व त्याखाली बहुधा वाचकाला एक विनंती करीत असे. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून या पोथीचे रक्षण करावे, अशा आशयाची ही विनंती जैन व जैनेतर, ताडपत्री व कागदी अशा असंख्य पोथ्यांच्या पुष्पिकांत आढळते. तेल आणि पाणी यांचे भय सहज समजते. तिसऱ्या भयापाशी मात्र थोडे थांबावे लागते. सैल बांधलेल्या पोथीत धूळ शिरते, कसर शिरते, पाने एकमेकांवर घासून कडा झिजतात, हे तर खरेच. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, बाहेरची हवा पानापानांत खेळू लागते आणि पावसाळ्याचा दमटपणा व उन्हाळ्याचा कोरडेपणा पोथीला थेट भोगावा लागतो. दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून, सुती वेष्टनात गुंडाळून, लाकडी डब्यात ठेवलेल्या पोथीपर्यंत बाहेरचा बदल फार सावकाश पोहोचतो आणि पोहोचेपर्यंत त्याची धार बोथट झालेली असते. लेखनिकाने दालनाच्या हवेविषयी काही मागितले नाही. त्याने बांधणीविषयी मागितले.

विसाव्या शतकातील संग्रहालयांनी नेमका याच्या उलट मार्ग धरला. वस्तूच्या वेष्टनाऐवजी संपूर्ण इमारतीच्या हवेला आवर घालण्याचे त्यांनी ठरविले. या मार्गाचा खर्च, त्यासाठी जाळावा लागणारा कोळसा आणि यंत्र बंद पडताच उद्भवणारे संकट यांचा हिशेब आता जगभर मांडला जात आहे. महाराष्ट्रातील अनेक मंदिरांकडे व न्यासांकडे पोथ्या, धातुमूर्ती, चित्रित विज्ञप्तिपत्रे आणि जुनी काष्ठशिल्पे आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन बांधण्याचा विचार निघाला की पहिली सूचना बहुधा वातानुकूलनाची असते. ही सूचना शास्त्राची म्हणून आदराने ऐकली जाते. तिचा उगम कोठे झाला, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

तो उगम मुख्यत्वे वेल्समधील पाटीच्या दगडाच्या एका खाणीत आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध अटळ दिसू लागताच लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे वेल्समध्ये निरनिराळ्या ठिकाणी हलविण्यात आली. पुढील वर्षी तेथेही विमानहल्ल्यांचे भय निर्माण झाले. चित्रे जहाजाने कॅनडाला पाठवावीत असाही विचार झाला. परंतु ती देशाबाहेर जाऊ नयेत, असा पंतप्रधान चर्चिल यांचा निर्णय पडला. तेव्हा संचालक केनेथ क्लार्क व त्यांचे सहकारी यांनी उत्तर वेल्समधील मॅनॉड नावाच्या डोंगरातील खाण निवडली. व्हॅन डाइकने रंगविलेले राजा पहिल्या चार्ल्सचे अश्वारूढ चित्र इतके मोठे होते की, खाणीचे तोंड सुरुंग लावून रुंद करावे लागले आणि वाटेतील रेल्वेपुलाखालचा रस्ता खोदून खाली न्यावा लागला. खाणीच्या प्रचंड पोकळीत विटांच्या लहान इमारती बांधल्या गेल्या आणि १९४१ च्या उन्हाळ्यात चित्रे त्यांत येऊन विसावली.

डोंगराच्या पोटातील हवा बारा महिने थंड आणि अतिशय ओली होती. अशा हवेत चित्रांना बुरशी चढली असती. उपाय साधा होता: विटांच्या खोल्यांतील हवा किंचित तापवायची. हवेतील वाफ तेवढीच राहून हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, हा भौतिकशास्त्राचा नियम. त्यानुसार तेथे सुमारे १७ अंश सेल्सिअस तापमान आणि ४२ टक्के आर्द्रता अशी स्थिती रात्रंदिवस टिकली. खडकाच्या कित्येक फूट जाडीमुळे बाहेरचा ऋतू आत पोहोचतच नव्हता, त्यामुळे यंत्रांना जवळजवळ काम उरले नव्हते. चित्रांची देखरेख करणाऱ्यांना लवकरच एक गोष्ट दिसून आली. लंडनमध्ये रंगाचे पोपडे सुटणे, लाकडी फळ्या वाकणे, फुगवटे येणे यांवर दुरुस्तीकारांचा बराच वेळ जात असे. खाणीत हे काम जवळजवळ थांबले. १९४५ मध्ये चित्रे लंडनला परतली आणि जुने विकार पुन्हा डोके वर काढू लागले.

यावरून काढलेला निष्कर्ष असा की, चित्रांना स्थिर हवा लागते. तो बरोबरच होता. चूक पुढच्या पायरीवर झाली. खाणीतील स्थिरता खडकाने दिली होती. लंडनमध्ये ती यंत्राने मिळवायची असे ठरले. युद्धानंतर गॅलरीची दालने एकामागून एक वातानुकूलित होऊ लागली. याच गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांनी १९७८ साली संग्रहालयातील पर्यावरणावर ग्रंथ लिहिला आणि तो जगभरच्या संरक्षकांचा आधारग्रंथ झाला. मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांसाठी त्यांनी ५० किंवा ५५ टक्के आर्द्रता, फार तर पाच टक्क्यांचा चढउतार, तोही चोवीस तास, असे मान सुचविले. ही पाच टक्क्यांची मर्यादा वस्तूंवरील परिणामांच्या सखोल ज्ञानावर नव्हे, तर यंत्राकडून जेवढी अपेक्षा ठेवता येते तिच्यावर आधारलेली आहे, असे त्यांनी त्याच ग्रंथात प्रांजळपणे नोंदविले होते. उष्ण व दमट प्रदेशांतील मिश्र संग्रहांसाठी, हवा खेळती असल्यास, ६५ टक्क्यांपर्यंतची आर्द्रता चालू शकेल, असेही त्यांनी म्हटले होते. लोखंडी वस्तू व क्षार लागलेले कांस्य यांना तेवढी आर्द्रता घातक ठरते, हा इशाराही त्यांनी दिला होता.

ग्रंथ वाचणाऱ्यांनी आकडा उचलला आणि त्यामागील शंका व अपवाद तेथेच ठेवले. शास्त्रात असे वारंवार घडते. पुढे एका संग्रहालयाने दुसऱ्याला प्रदर्शनासाठी वस्तू उसन्या देताना हाच आकडा करारात घातला, विमा कंपन्यांनी तो मान्य केला आणि एका शास्त्रज्ञाची सावध सूचना कायद्यासारखी झाली. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या वस्तू आपल्याकडे याव्यात असे ज्या संग्रहालयाला वाटे, ते मुंबईत असो वा मनिलात, त्याला त्याच आकड्यापाशी यावे लागे.

येथे भूगोलाचा एक साधा मुद्दा दृष्टीआड झाला. वेल्समध्ये प्रश्न थंड ओलाव्याचा होता आणि हवा तापविल्याने तो सुटला. कोकणात किंवा मुंबईत आषाढात हवा उष्ण असते आणि ओलीही. ती केवळ थंड केली तर तिची सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. म्हणून ती आधी दवबिंदूच्या खाली न्यायची, तिच्यातील पाणी गाळून टाकायचे आणि मग पुन्हा थोडी तापवायची, असा दुहेरी खर्च करावा लागतो. घरगुती वा कार्यालयीन वातानुकूलन यंत्र हे काम पूर्णपणे करीत नाही. ते माणसाला गारवा देण्यासाठी बनविलेले असते. त्यात ते सकाळी दहाला सुरू होऊन सायंकाळी सहाला बंद होत असेल, तर अपाय अधिकच. दिवसभर थंड झालेल्या भिंती, कपाटे आणि पुठ्ठे यांवर रात्री बाहेरची दमट हवा येऊन टेकते आणि बंद दालनात बुरशीला हवे तसे वातावरण तयार होते. आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, हे सर्वमान्य आहे. ज्या पोथीने शेकडो पावसाळे सावकाश चढणाऱ्या आणि सावकाश उतरणाऱ्या हवेत काढले, तिला रोज एक लहानसा पावसाळा व एक लहानसा उन्हाळा भोगावा लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या काळात यंत्रावर सर्वस्वी विसंबलेल्या दालनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

यंत्र बंद पडण्याचे भय एक, आणि यंत्र पेटण्याचे दुसरे. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी नमुन्यांच्या त्या संग्रहाचा फार मोठा भाग एका रात्रीत नष्ट झाला. आग सभागृहातील वातानुकूलन यंत्रापाशी सुरू झाली, असा निष्कर्ष पुढील वर्षी तेथील पोलीस तपासात निघाला. सभागृहातील ते यंत्र प्रेक्षकांच्या सोयीचे होते. त्या सोयीपायी गेले ते मात्र परत न मिळणारे होते.

आकड्याविषयीची शंका पाश्चात्त्य जगातच प्रथम उघडपणे मांडली गेली. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या प्रयोगशाळेत मॅरियन मेक्लेनबर्ग, चार्ल्स टुमोसा आणि डेव्हिड एर्हार्ट यांनी लाकूड, सरस, रंग यांचे ताण प्रत्यक्ष मोजले आणि बहुतेक वस्तू समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक चढउतार निर्धोकपणे सोसतात, असे १९९४ मध्ये जाहीर केले. मोठा वाद झाला. कॅनडातील स्टीफन मिखाल्स्की यांनी मांडलेला विचार तर व्यवहाराला अधिक जवळचा आहे. एखाद्या वस्तूने पूर्वी जेवढा चढउतार अनुभवला आहे, तेवढा किंवा त्याहून कमी चढउतार पुन्हा झाल्यास तिला नवी तडा जाण्याचा संभव फारसा नसतो. जी तडा जायची ती गेलेली असते. म्हणजे वस्तूला काय हवे, हे तिच्या इतिहासाला विचारावे. मधल्या काळात ती दुरुस्त केली असेल तर मात्र हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पुढची पावले झपाट्याने पडली. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या संचालकांनी २००९ मध्ये बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान अशी रुंद मर्यादा स्वीकारली. संरक्षकांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१४ मध्ये संयुक्त घोषणा करून संग्रहाची काळजी घेताना पर्यावरणाचा आणि स्थानिक हवामानाचा विचार व्हावा, साध्या व टिकाऊ उपायांना प्राधान्य मिळावे, असे म्हटले. डेन्मार्कमध्ये तर जाड, उष्णतारोधक भिंतींची आणि थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीची कोठारे बांधण्यात आली, ज्यांत जमिनीचा स्थिर थंडावा हेच मुख्य यंत्र आहे आणि आर्द्रता शोषणारे लहानसे उपकरण गरजेपुरते चालते. जर्मनीत कोलोन शहराच्या १९७१ च्या अभिलेखागाराने जाड विटांच्या भिंतींचा असाच प्रयोग यशस्वी केला होता. ते अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे कोसळले आणि दोघांचा बळी गेला. हवेची चिंता मिटली म्हणजे रक्षणाची चिंता मिटली, असे नव्हे.

या पार्श्वभूमीवर जैन ग्रंथभांडारांकडे पाहिले म्हणजे अभिमानाला आणि आत्मपरीक्षणाला सारखाच वाव मिळतो. जैसलमेरच्या किल्ल्यातील संभवनाथ मंदिराखालचे भांडार पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींच्या प्रेरणेने आकारास आले. त्यांनी अनेक नगरांत भांडारे स्थापिली, अशी परंपरा आहे आणि त्या नगरांच्या यादीत देवगिरीचेही नाव येते. जैसलमेरला वाळवंटाची कोरडी हवा, दगडाची जाडी आणि जमिनीखालची खोली या तिन्हींचा लाभ झाला. प्रवेशद्वारे अरुंद, प्रकाश नाहीसा आणि किल्ल्या एकाच माणसाच्या हाती नाहीत. विक्रम संवत् १११७, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमाराची ताडपत्री पोथी तेथे टिकून राहिली. १८७४ च्या प्रारंभी ब्यूलर आणि याकोबी या विद्वानांनी हे भांडार पाहिले आणि पाश्चात्त्य जगाला त्याची वार्ता कळली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी मिळविलेल्या हजारो पोथ्या, ज्यांत जैन पोथ्यांचा वाटा मोठा आहे, १९१८ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत.

दगड आणि तळघर यांइतकीच महत्त्वाची होती ती माणसांची सवय. साधु-साध्वी आपली वस्त्रे, पात्रे व उपकरणे नित्य नीट न्याहाळतात, सूक्ष्म जीव असल्यास त्यास इजा न होता दूर करतात. यालाच पडिलेहण किंवा प्रतिलेखन म्हणतात. पोथ्यांनाही हीच दृष्टी लागू झाली. आधुनिक संग्रहालयशास्त्र ज्याला कीटकांचे एकात्मिक व्यवस्थापन म्हणते, त्याचा गाभा हाच: वारंवार पाहणे, स्वच्छता राखणे, वाट बंद करणे, आणि विषाचा विचार सर्वांत शेवटी. वेखंडाच्या भुकटीची पुरचुंडी, कडुनिंबाची पाने, कापूर यांनी कीटक दूर राहतात, अशी समजूत होती. त्यांचा परिणाम मर्यादित असतो आणि पुरचुंडी वेळोवेळी बदलावी लागते, हेही खरे. परंतु त्यांनी पोथी हाताळणाऱ्याला विष दिले नाही. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत सोमल, पाऱ्याची संयुगे आणि पुढे डीडीटी मुक्तहस्ते वापरले. त्या वस्तू हाताळताना आज हातमोजे आणि मुखपट्टी घालावी लागते. धुरीसाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९९२ मध्ये मॉन्ट्रिअल करारातील नियंत्रित द्रव्यांत समाविष्ट झाला.

पंचांगही या व्यवस्थेत सामील होते. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते: पाऊस संपलेला, ऊन कोवळे, हवा कोरडी होत आलेली. भांडार उघडावे, पोथ्या बाहेर काढाव्यात, झटकाव्यात, जुनी वेष्टने बदलून नवी घालावीत, यासाठी याहून योग्य दिवस शोधून सापडणार नाही. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, पाऊस तोंडावर आलेला असताना येते. षट्खंडागमाच्या पूर्तीचा हा दिवस. पण छपराची कौले आणि पोथ्यांचे डबे तपासण्यासही तो किती सोयीचा, हे कोकणात वा दक्षिण कर्नाटकात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

तथापि, बंद दाराची किंमतही समाजाने मोजली आहे, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. षट्खंडागम, त्यावरील धवला आणि कषायप्राभृतावरील जयधवला हे ग्रंथ शतकानुशतके केवळ मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर उरले होते. समुद्राकडचा धो-धो पावसाचा प्रदेश, एकमेव संच, आणि दर्शनापुरतीच उघडली जाणारी पेटी. पोथ्या पूज्य होत्या. परंतु वाचल्या जात नव्हत्या. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे सेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ग्रंथांच्या प्रती व्हाव्यात म्हणून प्रयत्न केले. १८९६ च्या सुमारास लेखनाला प्रारंभ झाला आणि ते काम सुमारे पाव शतक चालले. देवनागरी व कन्नड प्रती झाल्या; पण त्या बाहेर नेऊ देण्यास व्यवस्थापक तयार नव्हते. गजपती उपाध्याय यांनी गुप्तपणे करून ठेवलेली प्रत बाहेर पडली, तेव्हाच हे ग्रंथ विद्वानांच्या हाती आले. तो मार्ग योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. त्यातून जे घडले ते मात्र निर्विवाद आहे. अमरावती येथील महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित केला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांचे सहकारी होते. पुढील सुमारे दोन दशकांत सोळा खंड पूर्ण झाले आणि दरम्यान मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमतीही मिळाली. याच हिरालाल जैनांनी विदर्भातील कारंजा येथील भांडारांतून अपभ्रंश काव्ये उजेडात आणली होती.

महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग कीटकांनी खाल्ल्याचे कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांना अत्यंत दुःख झाले आणि त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरविण्यात आले. ते ताम्रपट फलटणला आहेत. तांब्याला कसर लागत नाही, बुरशीचे भय नाही, वीज लागत नाही. तरीही धवला आज ज्याला वाचायची असेल तो कागदी खंडच उघडतो. दोन उपायांचा हेतू निराळा होता: एकाने अक्षर अमर करावयाचे होते, दुसऱ्याने ते पोहोचवावयाचे होते. आजची अंकीय प्रत या दोहोंपैकी दुसऱ्या जातीची आहे. ती क्षणात सर्वत्र जाते, पण तिला दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावे लागते, जसे ताडपत्रावरून कागदावर उतरवावे लागले. नक्कल करणे थांबले की ती मरते.

जतन आणि वापर यांची सांगड विसाव्या शतकात कोणी सर्वांत समर्थपणे घातली असेल, तर मुनी पुण्यविजयजी (१८९५-१९७१) यांनी. पाटण येथे आपले गुरू व प्रगुरू यांच्यासह त्यांनी अनेक विखुरलेली भांडारे एकत्र आणण्यात पुढाकार घेतला आणि १९३९ मध्ये हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले. १९५० मध्ये ते जैसलमेरला पोहोचले आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिले. विस्कटलेली पाने जुळविणे, सूची करणे, प्रत्येक पोथीच्या मापाचे धातूचे डबे बनविणे, सूक्ष्मचित्रफीत घेणे, ही सर्व कामे त्यांनी व सहकाऱ्यांनी केली. हवेवर त्यांनी काही खर्च केला नाही; हवा तेथे चांगलीच होती. खर्च केला तो क्रम लावण्यावर. २०११ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत जगातील संग्रहालयांच्या कोठारांतील सुमारे ६० टक्के संग्रह धोक्यात असल्याचे अनुमान निघाले. अशा कोठारांत बहुधा उणीव असते ती क्रमाची: गर्दी, नोंदवहीचा अभाव, वस्तू कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसणे. पुण्यविजयजींनी हे त्या पाहणीच्या साठ वर्षे आधी जाणले होते.

त्यांचा स्वतःचा संग्रह अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराला लाभला. कस्तुरभाई लालभाई यांनी या संस्थेच्या इमारतीचे काम पुण्यात जन्मलेल्या तरुण वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्यावर सोपविले. ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली शिकून आलेल्या दोशींनी जुने उपाश्रय पाहिले, पोथ्या कशा ठेवतात हे समजून घेतले. १९६२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या इमारतीत पोथ्यांची जागा अर्ध्या तळघरात आहे: जमिनीचा थंडावा मिळावा इतकी खाली आणि परावर्तित उजेड व हवा पोहोचावी इतकी वर. भोवती खोल व्हरांडे, त्यामुळे ऊन भिंतींना थेट लागत नाही. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेचे जागतिक कीर्तीचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. २०२३ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या या सुरुवातीच्या कृतीचा उल्लेख कलाकृती म्हणून होतो, तितका संग्रहरक्षणाचा धडा म्हणून झाला पाहिजे.

जैसलमेरची युक्ती रत्नागिरीत चालणार नाही. कोकणात तळघर म्हणजे पाण्याला आमंत्रण; तेथे पोथ्या वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत हव्यात. सोलापूरच्या कोरड्या उष्ण हवेत छपराखालची खोली ही सर्वांत वाईट जागा. कांस्यमूर्ती आणि ताडपत्र यांच्या गरजा भिन्न असल्याने एकाच दालनात दोन्ही ठेवून मधला आकडा गाठण्यापेक्षा मूर्तींसाठी घट्ट बंद होणारे, आर्द्रताशोषक सिलिका जेल घातलेले लहान कपाट स्वस्त पडते. काही वस्तूंना यंत्र लागतेच: जुन्या चित्रफिती व छायाचित्रांच्या फिती थंड कोरड्या हवेवाचून कुजतात, आणि त्यांच्यासाठी एक लहान खोली वातानुकूलित ठेवणे हा अपव्यय नव्हे. संपूर्ण सभामंडप गार ठेवून त्याच्या कोपऱ्यात पोथ्यांचे कपाट ठेवणे हा मात्र आहे.

मर्यादित उत्पन्नाच्या न्यासाने खर्चाचा क्रम लावायचा झाल्यास तो साधारण असा लागतो. पावसाळ्यापूर्वी छप्पर, पन्हळी आणि विजेच्या तारा. त्यानंतर क्रमांक घातलेली नोंदवही, जिची दुसरी प्रत निराळ्या इमारतीत असेल. त्यानंतर आम्लरहित पुठ्ठ्याचे किंवा जुन्या सागाचे डबे, धुतलेल्या कोऱ्या सुती कापडाची वेष्टने, भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून हातभर दूर असलेली कपाटे. त्यानंतर काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक, आणि वर्षभर रोज दोनदा त्याचा आकडा लिहून ठेवणारा एक माणूस. त्या वर्षाच्या वहीत पावसाळ्याचे किती दिवस सत्तरच्या वर गेले हे पाहिल्याखेरीज यंत्राच्या दरपत्रकावर सही करण्याचे कारण नाही.